करवंदीच्या पाड्याचा इतिहास, भूगोल आणि शिरगणती

आमच्या मरोळच्या सोसायटीतल्या दोन बायका गेल्या दोन वर्षांत परदेशी जाऊन आल्या. एक सिंगापूरला, दुसरी लंडनला मुलाकडे. दोघींनी गच्चीवर पांढरी चादर टांगून फोटो दाखवले. आम्ही वेफर्स खात ते पाहिले आणि "अगंबाई, किती स्वच्छ ना!" असं दर फोटोला म्हटलं. मी त्याच गच्चीवरून दिसणाऱ्या एका डोंगरावर तीन दिवस जाऊन आले, तर मला आजवर कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही. नाही विचारलं तर नाही. मी आपली लिहिते. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी वाचावं, आणि वाचताना जरा लाज वाटली तर वाटू द्यावी. मलाही वाटलेली आहे.

मी अंधेरीच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, त्याला एकवीस वर्षं झाली. निवडणूक आली की धरा मास्तर, शिरगणती आली की धरा मास्तर, हा आपल्याकडचा नियमच आहे. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझ्या वाट्याला जो गट आला त्यात आमच्या रस्त्यावरच्या आठ इमारती होत्या, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या वॉचमन लोकांच्या खोल्या होत्या, आणि कागदाच्या अगदी कडेला, शिक्का उमटवायच्या जागी, "डोंगरावरील झोपड्या, ११" अशी एक ओळ होती. शाळेतल्या सहकाऱ्यांनी सल्ला दिला, की बाई, वर जाऊ नका, तिथला एखादा माणूस खाली बोलवा आणि सगळं त्याच्याकडूनच भरून घ्या. सगळे तसंच करतात म्हणे.

इमारतींचं काम मी आधी उरकलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी मला दारात उभं ठेवून उत्तरं दिली. एका बाईंनी "तुम्ही पावडर विकता का?" म्हणून दार लावून घेतलं. मधल्या वेळात मी वर डोंगराकडे बघायचे. करवंदीचा पाडा असं त्याचं नाव आहे, हेसुद्धा मला वर गेल्यावरच कळलं. आमच्या लोकांत तो "मागचा डोंगर" एवढाच आहे.

भूगोल

मरोळ नाक्यावरून निघालं की वसाहतीतले कारखाने, मग म्हशींचा तबेला, मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे चढण. माझ्या दारापासून पाड्यापर्यंत चाळीस मिनिटं. लंडनला आठ-नऊ तास लागतात, पण तिथली माहिती आमच्या सोसायटीत लहान मुलालाही आहे.

नाल्यावर पूल नाही, दगड टाकलेले आहेत. तिसऱ्या दगडावर माझा पाय घसरला, चपलेचा अंगठा तुटला आणि मी गुडघाभर काळ्या पाण्यात उभी राहिले. फॉर्मची पिशवी तेवढी डोक्यावर धरली. एक चप्पल वाहून गेली, दुसरी मी रागाने तिच्या मागे फेकली. पुढचा सगळा प्रवास अनवाणी झाला.

चढणीच्या पायथ्याशी शहराच्या पाण्याचा नळ जातो. नळ म्हणजे आपल्या मोरीतला नव्हे. आत माणूस ताठ उभा राहून चालेल एवढा मोठा, काळा, आणि कान लावला तर आतून पाण्याचा घोंगावा ऐकू येतो. त्या नळाला या पाड्यासाठी एक तोटी नाही. एका सांध्यातून पाणी झिरपतं, तिथे दोन बायका नारळाच्या करवंटीने थेंब थेंब गोळा करून हंडा भरत होत्या. मला बघून त्या उठून पळाल्या. त्यांना वाटलं, मी हाकलायला आले. मला त्या क्षणी इतका संताप आला की ज्याने तो नळ टाकला त्याला तिथे करवंटी देऊन बसवावं असं वाटलं. वर एक झरा आहे, तो होळीच्या सुमाराला आटतो, असं मला नंतर समजलं.

पाड्यावर अकरा घरं. कारवीच्या काड्यांचे कुड, त्यावर शेणमातीचं सारवण, वर गवत. आमच्या कोकणातल्या गावच्या घराला मी नेहमी नावं ठेवते, पण इथलं अंगण बघून गप्प बसले. एक पान पडलेलं नव्हतं. आणि प्रत्येक घराच्या दाराशेजारी, तांबूस सारवणावर, पांढऱ्याशुभ्र रंगात एक आकडा होता. एक ते अकरा. अक्षर मला ओळखीचं वाटलं. वाटणारच, ते माझं होतं.

इथे मला कबुली द्यायला हवी. मी त्या पाड्यावर आधी एकदा गेले होते. आदल्या मे महिन्यात घरांना नंबर टाकायचं काम होतं. नंबर डांबराने टाकायचे, असा हुकूम. पण खाली इमारतींना नंबर टाकताना माझ्या साडीला डांबर लागलं, मी वैतागले, डबा एका वॉचमनकडे ठेवला आणि वर पर्समधला खडू घेऊन गेले. भर दुपारची वेळ. चिटपाखरू दिसलं नाही. अकरा कुडांवर खडूने अकरा आकडे काढले आणि अर्ध्या तासात खाली उतरून उसाचा रस प्यायले. त्याला मी प्रवास म्हणत नाही.

सात नंबरच्या घरातून एक चाळिशीची बाई बाहेर आली. बारकी तिचं नाव. तिने माझे चिखलाचे पाय पाहिले, तांब्याभर पाणी आणून त्यांवर ओतलं, आणि मग चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तू खडूवाली बाय ना? तेव्हा पानी पन नाय पिलीस."

मी म्हटलं, तेव्हा तर इथे कुणीच नव्हतं. तर म्हणाली, सगळे होते. करवंदं काढायला जाळीत गेले होते, आणि कागद घेऊन कुणी आलं की जाळीतून बाहेर यायचं नाही, असं ठरलेलं आहे. माझं नंबर टाकणं त्यांनी जाळीतून पाहिलं होतं.

मग तिने आकड्यांची हकिगत सांगितली. मी गेल्यावर पंधरा दिवसांनी टेप घेऊन माणसं आली. डोंगराच्या पायथ्याने कुठल्याशा मालकाची भिंत व्हायची होती. त्यांनी चुन्याची फक्की टाकली, ती चार नंबरच्या घराच्या मागून गेली, म्हणजे पाचपासून पुढची सात घरं भिंतीच्या आत. त्यातला एक माणूस म्हणाला, ज्याला नंबर आहे ते घर, बाकीचं सगळं मोकळं रान. पाऊस तोंडावर आलेला, आणि खडू तो किती टिकणार! तेव्हा बायकांनी तांदूळ वाटून त्याची पांढरी केली, लग्नात भिंतीवर चौक काढायला करतात तशी, आणि काडीने माझे आकडे गिरवले. पावसाळ्यात वर पळसाची पानं बांधली. दर वेळी सारवताना आकड्याभोवती हात थांबवायचा, मग पुन्हा पांढरी. वाचता एकीलाही येत नाही. नऊ महिने हे चाललं होतं. मी ओल्या साडीनिशी तिच्या ओट्यावर बसून राहिले.

इतिहास

दुसऱ्या दिवशी नव्या चपला घालून गेले, आणि बरोबर चहापत्ती-साखर नेली. बारकीने चहा केला, पण आधी जेव म्हणाली. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि विस्तवावर भाजलेला सुका बोंबील. आम्ही मालवणी माणसं, बोंबलाच्या वासाला विरघळतो. दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाड्यावर लहानथोर सगळेच मला "तू" म्हणत होते. वर्गात मला कुणी "तू" म्हणालं असतं तर बाकावर उभं केलं असतं. इथे ते ऐकताना आजोळी आल्यासारखं वाटलं.

पाड्याचा इतिहास सोमाआजाकडून ऐकला. हा बारकीचा सासरा. गुडघे छातीशी घेऊन उन्हात बसलेला, दात दोन, पण आवाज खणखणीत. फॉर्ममध्ये वय लिहायचं होतं. विचारलं तर म्हणाला, जेवढा दिसतो तेवढं लिव. मग मी एकेक खूण विचारत गेले. लढाईच्या वेळी खाली गोऱ्या सोल्जरांची छावणी पडली होती, तेव्हा त्याला दोन पोरं झालेली होती. त्याच्या आज्याचं घर पूर्वी खाली, जिथे आता पाणी आहे तिथे होतं. तळं बांधलं तेव्हा सांगितलं, वर सरका. मग गवताची कुरणं कुणाच्या तरी नावाची झाली, तेव्हा सांगितलं, अजून वर सरका. मग कारखाने आले. "आता वर कुठे सरकू? वर नुसता आभाळ हाय," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. एकवीस वर्षं मी पोरांना मुंबईचा इतिहास शिकवते आहे. सात बेटं, आंदण, किल्ला, गिरण्या. मुलं घडाघड म्हणून दाखवतात. या माणसाच्या आज्याचं घर कुठल्या पानावर आहे?

फॉर्ममध्ये एक रकाना जन्मस्थळाचा असतो, एक पूर्वीच्या वास्तव्याचा. आमच्या आठ इमारतींत मी तिथे काय काय लिहिलं! रत्नागिरी, कच्छ, मंगळूर, कराची, सांगली. माझ्या स्वतःच्या घरात मालवण. आणि पाड्यावर घर नंबर एकपासून विचारायला लागले, कुठे जन्म? इथेच. आधी कुठे राहत होता? इथेच. बापाचा जन्म? इथेच. लग्न होऊन आलेल्या सुना पलीकडच्या पाड्यावरच्या, एवढाच काय तो फरक. माझ्या सबंध गटात पिढ्यान्पिढ्या इथली म्हणावी अशी हीच माणसं, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही "बाहेरून येऊन वाट लावणाऱ्या लोकांबद्दल" तावातावाने बोलतो, तेव्हा बोट याच डोंगराकडे असतं.

त्या दुपारी एका शेळीने नऊ नंबरच्या घराचा फॉर्म खाल्ला. मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात निम्मा गेला. त्या घरची सून रडायलाच लागली, आता आमचं कसं, म्हणून. दुसरा फॉर्म भरून तिच्या हातात धरायला दिला तेव्हा गप्प झाली. सोमाआजा म्हणाला, शेळीलापन मोजून घे. संध्याकाळच्या आत अकराही घरं झाली.

लोकसंख्या

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन आमच्या गटावरच्या पर्यवेक्षकांकडे गेले. माणूस शांत, नीटनेटका, टेबलावर पेन्सिली टोक करून मांडलेल्या. त्यांनी माझी घरयादी काढली, मे महिन्यातली, माझ्याच सहीची. पाड्याच्या अकरा ओळींवर बोट फिरवलं. अकराही ओळींत, माझ्या वळणदार अक्षरात, एकच शब्द होता. रिकामे.

मला आठवलं. खाली उतरून, रसाचा ग्लास बाजूला ठेवून, मी रसवाल्याच्या बाकड्यावर बसून तो रकाना भरला होता. कुणी दिसलं नाही, तर काय लिहिणार? रिकामे. खाली दहा वेळा तेच.

साहेबांचं म्हणणं असं, की यादी टाइप होऊन वर गेली. घरं रिकामी आणि आत माणसं, हे कसं दाखवायचं? त्यावर त्यांनीच तोड काढली. पाड्यावरची सगळी माणसं बेघरांच्या तक्त्यात टाकायची. "माणसं मोजली जातात ना बाई? मग झालं. यादीही मोडत नाही."

बेघर! ज्यांचं अंगण माझ्या दिवाणखान्यापेक्षा स्वच्छ, जे दोन वेळा घरासकट वर सरकले, ते बेघर? आणि कराचीहून आलेले, मालवणहून आलेले आम्ही घरवाले? मी साहेबांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक टायपिंग थांबवून बघायला लागले. मी विचारलं की उद्या भिंतवाल्याने दाखवलं, हे पाहा, सरकारी मोजणीत इथे घर रिकामं, माणूस नाही, तर तुम्ही येणार का मध्ये उभे राहायला? शिरगणतीच्या कागदाने जमिनीचा हक्क मिळत नाही, हे मला माहीत आहे, मी नागरिकशास्त्रही शिकवते. पण "रिकामे" हा शब्द ज्याला हवा आहे त्याच्या तो कसाही कामाला येतो.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी पाणी मागवलं. मग म्हणाले, यादी दुरुस्त होऊ शकते, पण चूक कशी झाली ते मोजणाऱ्याने लेखी द्यावं लागेल. त्याची प्रत तुमच्या शाळेत जाईल. "विचार करा बाई. चूक तुमची दिसते आहे, ती कशाला कागदावर आणता?"

जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या खालोखाल मी होते. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "माका इचारशीत तर गप रव." त्यांचंही खरं होतं. मी स्वयंपाक केला, ताटं वाढली, आणि जेवता जेवता मला कळलं की दोन दिवस मी ज्या सगळ्यांवर तणतणत होते, नळवाल्यांवर, भिंतवाल्यांवर, सोसायटीवर, साहेबांवर, त्यांच्यापैकी कुणीही तो शब्द लिहिलेला नव्हता. तो मी लिहिला होता. आणि त्या शब्दासमोरचा आकडा त्या बायका नऊ महिने तांदूळ वाटून जपत होत्या. ज्या घरात भाकरीपुरता तांदूळ निघतो की नाही, त्या घरात. मी ताट सारून उठले.

सकाळी शाळेत जाण्याआधी मी तीन वाक्यं लिहून दिली. मी घरांत डोकावले नाही. कुणाला विचारलं नाही. माझ्या आळसामुळे नांदती अकरा घरं रिकामी लिहिली गेली. साहेबांनी "आळस" शब्दाऐवजी "अनवधान" लिहा म्हणून सुचवलं. मी म्हटलं, राहू दे, तोच बरोबर आहे.

पुढचं इथेच सांगून टाकते. यादी दुरुस्त झाली. शाळेत मेमो आला, तो माझ्या फाइलला लागला, आणि मुख्याध्यापिका दुसऱ्या बाई झाल्या. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, उगाच मोठेपणा सांगत नाही. भिंत पुढच्या वर्षी आली, पण पाड्याच्या खालून वळसा घेऊन गेली. माझ्या कागदामुळे की मध्ये मोठा खडक लागला म्हणून, ते मला कुणी सांगितलेलं नाही. नळाला तोटी आजही नाही. त्यासाठी अर्ज करते आहे, चौथा.

मार्चच्या सुरुवातीला फेरतपासणी असते. मोजणीच्या ठरलेल्या दिवसाआधी कुणी जन्मलं, कुणी गेलं, तर कागदावर तशी दुरुस्ती करायची. त्यासाठी मी तिसऱ्यांदा वर गेले. या वेळी डांबराचा डबा बरोबर होता, आणि साडीही जुनी नेसले होते. पण सगळ्यात आधी बारकीला सांगितलं की मे महिन्यात मी तुमची घरं रिकामी लिहिली होती. तिला ते नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं. मला वाटलं, ती आता मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता काय लिवलास ते वाचून दाखव."

सगळा पाडा अंगणात जमला. मी घरानुसार नावं वाचू लागले. ज्याचं नाव येईल तो "हय" म्हणायचा. तान्ह्या पोराचं नाव आलं की त्याची आई म्हणायची. असं करत सहा घरं झाली. सात नंबरला मी कुटुंबप्रमुखाचं नाव वाचलं, सोमा. कुणी काही बोललं नाही. मी मान वर केली. उन्हातली त्याची जागा मोकळी होती.

फेब्रुवारी संपायच्या चार दिवस आधी गेला, असं बारकीच्या नवऱ्याने सांगितलं. ताप आला, खाली दवाखान्यात न्यायला डोली बांधेपर्यंत संपलं. मी कागदाकडे बघत राहिले. नियम स्पष्ट होता. मार्च उजाडायच्या आधी जो गेला तो मोजायचा नाही. आणि चुकीचं लिहिल्याबद्दल माझ्या फाइलला मेमो लागलेला. वरून सगळा पाडा माझ्या पेनाकडे बघत होता. मी बारकीला हळूच सांगितलं, की आजाचं नाव काटावं लागेल.

ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. पदराला हात पुसले आणि कागदावर वाकून म्हणाली, "काट. पन वाचता येईल असा काट."

मी पिशवीतून पट्टी काढली, नावावर ठेवली आणि लाल पेनाने एकच बारीक रेघ ओढली. बारकीने कागद हातात घेतला. आधी उलटा धरला, मी सरळ करून दिला. रेघेखालच्या अक्षरांवर तिने बोट टेकवलं आणि विचारलं, "ह्योच ना?"

मी म्हटलं, हो, हाच.